मोटारसायकलवरचं बोलणं

लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं मी नवऱ्याशी जे काही बोलले, ते सगळं त्याच्या डाव्या कानात बोलले. साडी नेसून मोटारसायकलवर एका अंगाला बसलं, उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि मान जराशी वळवली, की माझं तोंड बरोबर त्याच्या डाव्या कानापाशी यायचं. मग मी सुरू व्हायचे आणि ऑफिस येईपर्यंत थांबायचे नाही.

दुसरीकडे बोलणार कुठे? घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगराखाली आमची चाळीतली एक खोली. तीत सासू, सासरे, नणंद आणि आम्ही दोघं. दार एक, पंखा एक, आणि रात्री मधोमध दोरीवर टाकलेली एक चादर, तिलाच आम्ही भिंत म्हणायचो. मी कुशीवर वळले तरी पलीकडून नणंद विचारायची, "वहिनी, झोप येत नाहीये का?" नवऱ्याला काही सांगायचं तर ते चारचौघांत सांगता येण्यासारखं असावं लागे. साखर संपली. मावशी येऊन गेल्या. नळाला पाणी कमी येतंय. अशा बोलण्यावर किती दिवस संसार करायचा?

सासरे गिरणीत होते. संप झाला, गिरणीचं दार पुन्हा उघडलं नाही, आणि ते घरी बसले. मुळातच अबोल माणूस, त्यात हे. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, हातात सुपारीचं खांड. सासूबाई मालवणच्या. त्या दोघांच्या वाट्याचं एकट्या बोलायच्या, पण ते सगळं रॉकेल, बांगडे आणि शेजारीण यांच्याबद्दल. त्या दोघांना एकमेकांशी बसून बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याकडे माझं लक्षही नव्हतं. मला माझीच चिंता.

तर आमची मोटारसायकल. सेकंडहँड, सीटला दोन ठिकाणी चिकटपट्टी, किक कधी तिसऱ्या झटक्याला लागायची तर कधी दहाव्या. नवरा अंधेरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये, मी तिथूनच जवळ एका कंपनीत टायपिस्ट. सकाळी असल्फा, साकीनाका, मरोळ करत जायचं आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परत. गल्लीच्या तोंडापर्यंत मी त्याला "अहो" म्हणायचे. पानवाल्याचं दुकान मागे पडलं की "अरे". परत येताना त्याच दुकानापाशी पुन्हा "अहो". पानवाला हे सगळं ऐकत असणार, कारण मला पाहिलं की तो उगाच हसायचा.

त्या सीटवर आम्ही काय काय बोललो! माझ्या साहेबाची नक्कल, त्याच्या फोरमनची नक्कल, माझ्या आईचं दुखणं, नणंदेचं स्थळ, मूल आत्ता की नंतर. रडलेसुद्धा मी तिथे. चालत्या गाडीवर रडण्याचा एक फायदा असतो, डोळ्यांत वारा गेला म्हणता येतं. आणि भांडायचो. भांडणाचा आमचा नियम होता: मिटल्याशिवाय गल्लीत शिरायचं नाही, कारण आत शिरल्यावर ते पुढच्या सकाळपर्यंत पोटात ठेवावं लागणार. लहान भांडण साकीनाक्याला संपायचं. मधलं असेल तर असल्फ्याची चढण चढून पुन्हा खाली एक फेरी. आणि मोठं असेल तर मरोळ नाक्यावरून गाडी घराऐवजी उलट दिशेला वळवायची, आरे कॉलनीतून झाडांतल्या रस्त्याने थेट गोरेगावपर्यंत जायचं आणि परत यायचं. त्याला आम्ही "आरेचं भांडण" म्हणायचो. ऑफिसातून निघताना माझा चेहरा बघून तो नुसतं विचारायचा, "साकीनाका की आरे?" मी "आरे" म्हटलं की तो मुकाट्याने पेट्रोल बघायचा.

आणि मग सरकारनं हेल्मेट सक्तीचं केलं.

नियम तसा कागदावर आधीपासून कुठेतरी होता म्हणे, पण त्या वर्षी तो रस्त्यावर उतरला. नाक्यानाक्यावर हवालदार उभे राहिले. फूटपाथवर बनियन-रुमाल विकणारे रातोरात हेल्मेट विकायला लागले. नवरा एक घेऊन आला. लाल रंगाचं, जाड, आत काळा स्पंज, कानांवरून पार हनुवटीपर्यंत येणारं. मागे बसणाऱ्याला लागणार की नाही, बायकांना सूट आहे की नाही, याबद्दल रोज नवी बातमी, त्यामुळे माझं डोकं तूर्त मोकळं होतं. सासूबाईंनी ते हेल्मेट हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यात एक पायली तांदूळ ऱ्हवतीत."

पहिल्या सकाळी पानवाल्याचं दुकान मागे पडलं आणि मी नेहमीप्रमाणे सुरू झाले. असल्फा गेलं, साकीनाका आला, मी बोलतेच आहे. तिथल्या सिग्नलला त्याने काच वर केली, मान वळवली आणि विचारलं, "काही म्हणालीस का?"

मी काय सांगू? मी आईच्या ऑपरेशनचं सगळं सांगून मोकळी झाले होते.

आम्ही उपाय करून पाहिले. मी ओरडून बोलायला लागले, तर शेजारून जाणारा रिक्षावाला उत्तर द्यायला लागला. मी हेल्मेटवर टकटक केलं, तर तो दचकला आणि गाडी गटाराच्या कडेला गेली. मग सिग्नलला बोलायचं ठरवलं. आता साकीनाक्याचा सिग्नल लाल व्हावा म्हणून देवाची प्रार्थना करणारी मुंबईत मी एकटीच असेन. लाल झाला की तो काच वर करायचा, मी घाईघाईने सुरुवात करायचे आणि मुद्द्यावर येईपर्यंत हिरवा. दिवसभराचं बोलणं अर्ध्या-अर्ध्या वाक्यांत. आठवड्याभरात आम्ही एकमेकांवर चिडचिड करायला लागलो, आणि ती चिडचिड सांगायलाही जागा नाही. एकदा मी मरोळ नाक्यावर त्याच्या पाठीवर बोटाने टोचून टोचून "आरे" सुचवलं. त्याला वाटलं मुंगी चावली. गाडी सरळ घरी आली. त्या रात्री चादरीच्या अलीकडे आम्ही दोघं छताकडे बघत पडलो होतो. मला वाटलं, हे असंच चालू राहिलं तर आपलंही सासू-सासऱ्यांसारखं होणार.

मरोळला नवऱ्याचं नेहमीचं गॅरेज होतं. तिथे संध्याकाळी दुचाकीवाले जमायला लागले. सगळे तावातावाने बोलणारे. कुणाची मान दुखायची, कुणाचे केस गळायला लागले होते, कुणाचं हेल्मेट गाडीला लटकवलेलं चोरीला गेलं होतं, तेही दोनदा. एक वयस्कर गृहस्थ काळी टोपी घालून स्कूटर चालवायचे. त्यांचं म्हणणं, "पगडीला सूट मिळते, मग माझ्या टोपीनं काय घोडं मारलंय?" या सगळ्यांना एकत्र बांधणारा एक बँकेतला कारकून होता. सडपातळ, गळ्यात शबनम, आणि निवेदन लिहायची भयंकर हौस. त्याने समिती काढली. मोटारसायकल सुरू न होणारेही समितीत होते.

नवरा जायला लागला म्हणून मीही जायला लागले. एकटीच बाई, त्यामुळे मला खुर्ची मिळायची. "तुमचा काय त्रास, वहिनी?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, "उद्या मलाही घालावं लागलं तर त्यात आंबाडा बसायचा नाही." सगळे माना डोलवायचे. खरं कारण सांगायची सोय नव्हती. नवऱ्याने एकदा सांगून पाहिलं, "मला ऐकू येत नाही." सगळ्यांना वाटलं हॉर्न. बँकवाल्याने ते निवेदनात कलम तीन म्हणून घातलं.

मग ठरलं, मोर्चा. रविवारी सकाळी असल्फ्याहून मरोळपर्यंत मोटारसायकलींचा मोर्चा, बोडक्या डोक्याने. मरोळच्या मैदानात सभा. बँकवाला इतका खूश झाला की दुसऱ्याच दिवशी पोलीस चौकीत परवानगी मागायला गेला. आमचा तोच घोळ. दुसरे कुणी असते तर सरळ निघाले असते. आमच्या समितीत सगळे नोकरदार, अर्जाशिवाय शिंकणार नाहीत असे. चौकीतल्या साहेबांनी त्याला बसवलं, चहा पाजला, निवेदनातल्या भाषेचं कौतुक केलं आणि तिथल्या तिथे परवानगीवर सही करून दिली. हा आभार मानून गॅरेजवर परत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेढे आले. पेढे खाऊन झाल्यावर त्याने परवानगी मोठ्याने वाचून दाखवली. शेवटची अट होती: मोर्च्यातील प्रत्येक वाहनचालकाने हेल्मेट परिधान करणे बंधनकारक राहील.

सगळे एकदम बोलायला लागले. एक म्हणाला, परवानगी फाडून टाका. बँकवाला म्हणाला, सही झालेला कागद कसा फाडायचा? दुसरा म्हणाला, मग घालूया हेल्मेट आणि वर काळी पट्टी बांधूया. टोपीवाले काका म्हणाले, "हेल्मेट नको म्हणायला हेल्मेट घालून जायचं? लोक शेण घालतील तोंडात." गॅरेजवाल्याने परवानगी दोनदा वाचली आणि कपाळावर हात मारला. वाट लागली, एवढंच तो म्हणाला.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून "वाहनचालक" या शब्दाचा विचार करत होते. टायपिस्टला ती सवय असते, शब्द बोटांतून गेल्यासारखा वाटतो. महिन्याच्या शेवटी पेट्रोल संपलं की आम्ही दोघं गाडी असल्फ्याच्या चढावर ढकलत आणायचो, तेव्हा कुठल्याही हवालदाराने हेल्मेट विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "चालवायचीच कशाला? ढकलत नेऊ या."

"म्हणजे?" बँकवाला.

"म्हणजे इंजिन बंद. सगळ्यांनी पायी. गाडी ढकलणारा चालक होत नाही ना?"

त्याने कागद पुन्हा वाचला. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता हा माझ्या पाया पडतो की काय. गॅरेजवाला तेवढ्यात ओरडला, "झकास आहे, वहिनी. पण माझ्या या बुलडोझरसारख्या गाडीला ढकलायला चार माणसं द्या." त्या संध्याकाळी घरी जाताना नवऱ्याने सिग्नलला काच वर करून फक्त एवढंच म्हटलं, "डोकं आहे हं तुला." सिग्नल हिरवा झाला तरी मला चालणार होतं.

रविवारी सकाळी असल्फ्याला जे जमलं होतं ते बघून माझ्या अंगावर काटा आला. रस्ताभर मोटारसायकली, स्कूटरी, मोपेड, आणि सगळ्यांची डोकी उघडी. कुणी केसांना तेल लावून भांग पाडून आलं होतं, जणू डोक्याचंच लग्न आहे. टोपीवाल्या काकांनी टोपीला इस्त्री केली होती. चाळीतले सगळे बघायला उतरले. सासूबाई कळशीभर कोकमचं सरबत घेऊन आल्या आणि सगळ्यांना पाजून झाल्यावर कळशी नणंदेच्या हातात देऊन पदर खोचला. म्हणाल्या, "मी येतंय. ढकलूचाच आसा तर माका सवय आसा." सासरेही खुर्चीवरून उठून आले होते. हात पाठीमागे बांधून ते आमच्या गाडीच्या बाजूने चालायला लागले, मिरवणुकीत चालावं तसे.

"डोकं आमचं, मर्जी आमची!" बँकवाल्याने आरोळी दिली आणि आम्ही निघालो.

चढ सुरू झाला आणि घोषणा धापांत मिसळल्या. नवरा हँडलला, मी डावीकडून, सासूबाई मागून. आजूबाजूला सगळे घामाघूम आणि सगळे हसतायत. वरच्या खिडक्यांतून बायका पाणी टाकत होत्या, अंगावर आलं की बरं वाटायचं. एक हातगाडीवाला पिंपं लादून आमच्या बाजूने चालला होता. त्याने आमच्याकडे नीट पाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं, "भाऊ, कमर सीधा रखो, पाँव से ढकेलो." त्याचं ऐकल्यावर खरंच सोपं गेलं. थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, "लेकिन पेट्रोल खतम कैसे हुआ सबका?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नव्हता, हे आम्हाला साकीनाक्याच्या अलीकडे कळलं. तिथे पेट्रोल पंपावर ही गर्दी. रिक्षा, टेम्पो, मोटारी, डबे घेतलेली माणसं, रांग रस्त्यावर आलेली. एवढ्या मोटारसायकली ढकलत नेताना पाहून कुणीतरी बोललं असणार की पेट्रोल संपलं, आणि ती बातमी आमच्या पुढे धावत गेली होती. बँकवाला हातातला कर्णा घेऊन प्रत्येक रिक्षावाल्याला सांगत होता, "पेट्रोल आहे, पेट्रोल भरपूर आहे, आम्ही हेल्मेटच्या विरोधात आहोत." रिक्षावाले म्हणायचे, "मग ढकलताय कशाला?" तो म्हणायचा, "कारण परवानगी आहे." हे ऐकून रांग आणखी वाढली. बंदोबस्ताला आलेला हवालदारही शेवटी आपल्या सायकलवरून उतरला आणि रांगेला हटवायला लागला, त्याशिवाय आम्हाला पुढे जायला वाट मिळत नव्हती. टोपीवाले काका त्याला मनापासून म्हणाले, "तुम्ही चांगलं काम करता हो." इतकी मजा मला आयुष्यात क्वचित आली आहे. हातांना फोड आले होते आणि मी नुसती हसत होते.

मरोळच्या मैदानात एका टेम्पोचं फाळकं पाडून स्टेज केलं होतं. माईक होता. चार-पाच भाषणं झाली, मान, केस, चोरी, टोपी. मग बँकवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "आता महिलांच्या वतीने, ज्यांच्या कल्पनेतून हा मोर्चा निघाला त्या आमच्या वहिनी."

मी आंबाड्यावर बोलायचं ठरवलं होतं. चार ओळी पाठही केल्या होत्या. टेम्पोवर चढले, समोर पाहिलं. पहिल्या रांगेत आमच्या गाडीला टेकून नवरा उभा, घामाने शर्ट चिकटलेला, आणि त्याचा डावा कान उन्हात लाल झालेला. कितीतरी दिवसांनी मी तो कान एवढा वेळ उघडा पाहत होते. आंबाडा कुठल्या कुठे गेला.

"आमच्याकडे एक खोली आहे," मी म्हटलं. "पाच माणसं आहेत. कुणी वाईट नाही, सगळे चांगले आहेत. पण नवऱ्याशी बोलायला जागा नाही. आम्ही फक्त मोटारसायकलवर बोलतो. सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना. तेवढाच आमचा संसार आहे, बाकीचं सगळं घरकाम आहे. हेल्मेट घातल्यापासून त्याला माझं काहीच ऐकू येत नाही. माझ्या आईचं ऑपरेशन झालं ते मी त्याला तीन सिग्नलला मिळून सांगितलं. सरकारला त्याचं डोकं वाचवायचंय, ते मला कळतं. मलाही ते हवंय. पण कान पण हवाय ना."

आणि मग माझा तोल गेला. मी माईकवरूनच सरळ त्याला म्हटलं, "अरे, किती दिवसांत बोललो नाही रे आपण."

"अरे" म्हटलं, तेही माईकवर, तेही सासू-सासऱ्यांसमोर. मला टेम्पोच्या खाली जावंसं वाटलं. मग मागून एक जाड आवाज आला, "वहिनी, आमचं बी तेच हाय." ट्रॉम्बेच्या बाजूला राहणारा, मोठ्या मिशांचा एक वेल्डर होता तो, आणि त्याची बायको त्याच्या शर्टाची बाही ओढत होती. मग आणखी एक. मग एकदम गलका झाला, टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी हॉर्न दाबला आणि मग सगळ्यांनीच दाबले. त्या आवाजात मी पाहिलं, नवऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. हसत होता की रडत होता, ते मला आजही माहीत नाही. विचारलं तर म्हणतो, घाम पुसत होतो. सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. सासरे दूर, झाडाखाली.

घरी कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही कामावरून आलो, तर सासूबाई चप्पल घालून तयार. सासऱ्यांना म्हणाल्या, "उठा." नणंदेला म्हणाल्या, "तूय चल." मग दारात थांबून, आमच्याकडे न बघता, "देवळात जातोंव. उशीर लागात. बोला काय बोलाचा ता." आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

खोली रिकामी. मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. मी पलंगावर बसले, तो समोर स्टुलावर बसला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. समोरासमोर बसून बोलायची आम्हाला सवयच नव्हती. त्याचा चेहरा दिसत होता ना, सगळी पंचाईत तिथेच झाली. शेवटी तो म्हणाला, "चहा घेतेस?" मी म्हटलं, "घेऊ या." चहा झाला. पाणी कमी येतंय, यावर थोडं बोललो. मग दोघांनाही असं हसू फुटलं की शेजारीण बघायला आली.

सासूबाई परत आल्या तेव्हा मी ओट्याशी होते. त्या बांगडे साफ करायला बसल्या आणि हळूच विचारलं, "बोललास?"

मी खरं ते सांगितलं. "आई, आम्हाला इथे जमतच नाही. गाडीवरच जमतं."

त्यांनी एक बांगडा पुरा साफ केला. मग खाली बघूनच म्हणाल्या, "आमकां खंय होती गो मोटारसायकल?"

एवढी वर्षं त्या या खोलीत. आधी दीर-जावा, मग मुलं, मग सून. रॉकेल, बांगडे, शेजारीण. चारचौघांत सांगण्यासारखं तेवढंच बोलायचं, हे मी नवीन शिकत होते आणि या बाईचा त्यात जन्म गेला होता. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला, की मैदानभर लोकांना मी माझंच दुःख सांगितलं.

पुढे सक्ती हळूहळू ढिली पडली. आमच्या मोर्च्यामुळे पडली असं बँकवाला मरेपर्यंत सांगत होता. मला तसं वाटत नाही. हवालदार दमले असतील. आज मी मुलाला हेल्मेटशिवाय जिना उतरू देत नाही, आणि तो कानात कसलं तरी यंत्र घालून हेल्मेटच्या आतून बायकोशी बोलतो, त्याला आमचं दुखणं कळायचं नाही. पण तेव्हा डोकी पुन्हा उघडी झाली. लाल हेल्मेट खुंटीला गेलं आणि सासूबाईंनी त्यात लसूण भरला. नवऱ्याचा डावा कान मला परत मिळाला, आणि मी साठलेलं सगळं त्यात ओतलं.

त्यातलं पहिलं हेच होतं. असल्फ्याच्या चढावरच मी त्याला सासूबाईंचं बोलणं सांगितलं. चढ संपल्यावर तो म्हणाला, "रविवारी संध्याकाळी तुझी नणंद शिवणक्लासला जाते. आपणही निघू या." तेव्हापासून रविवारी आम्ही काही ना काही निमित्त काढून बाहेर पडायला लागलो आणि खोली त्या दोघांवर सोडायला लागलो. काही होत नव्हतं. परत यावं तर सासरे गॅलरीत, सासूबाई ओट्याशी, मध्ये रेडिओ चालू. चार-सहा रविवार तसेच गेले. नवरा म्हणाला, "जाऊ दे, आता त्यांना नाही जमायचं."

मग एका रविवारी आम्ही फिरून आलो. गाडी लावली, जिना चढलो, तर गॅलरीतली खुर्ची रिकामी. रेडिओ बंद. दार लोटलेलं. आतून सासूबाईंचा आवाज, पण रॉकेलचा नाही, वेगळा.

"माझ्या भावाच्या लग्नाक तुमी माका धाडूक नाय."

मग एक पुरुषी, खरखरीत आवाज. तो सासऱ्यांचा आहे हे कळायला मला क्षणभर लागलं. "तेवां गिरणीत रजा खंय गावत होती?"

"रजा तुमका नव्हती. माका कोणाची रजा व्हयी होती?"

सासरे काहीतरी म्हणाले. त्या पुन्हा म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला, भरून आला, पण थांबला नाही. मामांचं लग्न म्हणजे माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीची गोष्ट. नवरा दाराकडे जायला निघाला होता. मी त्याचा हात धरला. आम्ही चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता जिना उतरून खाली आलो.

गाडीपाशी आल्यावर त्याने वर खिडकीकडे पाहिलं. "मोठं दिसतंय," तो म्हणाला.

"खूप मोठं," मी म्हटलं.

त्याने पेट्रोल बघितलं आणि किक मारली. मी मागे बसले आणि त्याच्या कानाशी म्हटलं, "आरे."